सेटअप म्हणतो झालं, पण गॅकमध्ये डीएलएल नाहीच (किंवा जुनीच बसलीय): कुठे कुठे बघायचं

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचा प्रॉब्लेम हाच आहे का ते लगेच कळेल. डॉटनेट फ्रेमवर्कवरचं सॉफ्टवेअर आहे, दोन-तीन प्रॉडक्ट मिळून वापरतात अशी एक कॉमन डीएलएल (तयार कोडची फाइल, डॉटनेटमध्ये तिलाच असेम्ब्ली म्हणतात) आहे, आणि ती सेटअप चालू असतानाच कोडमधून किंवा स्क्रिप्टमधून गॅकमध्ये, म्हणजे ग्लोबल असेम्ब्ली कॅशेमध्ये (विंडोजमधली सामाईक डीएलएल ठेवायची जागा) टाकायची असते. डेव्हलपरच्या मशीनवर सगळं मस्त. क्लायंटच्या मशीनवर सेटअप शेवटपर्यंत जातो, एरर नाही काही नाही, आणि ॲप उघडलं की "कुड नॉट लोड फाइल ऑर असेम्ब्ली". मग कोणीतरी रिपेअर मारतं, चालायला लागतं, पुढच्या अपग्रेडला परत तेच रडगाणं.

हा प्रॉब्लेम सारखा सारखा येतो कारण तो एक नाहीये. एकाच मेसेजच्या मागे बरीच वेगवेगळी कारणं लपलेली असतात, त्यातलं एक निस्तरलं की वाटतं सुटलं, आणि पुढच्या रिलीजला दुसरं वर येतं. त्यामुळे "हे करून बघा" टाइप एक उपाय सांगण्यापेक्षा कुठल्या क्रमाने बघायचं ते लिहितो. आणि माझं ठाम मत आत्ताच सांगून टाकतो, गॅकमध्ये एखादी डीएलएल कोण टाकणार हे एकदाच ठरवा, इन्स्टॉलर तर इन्स्टॉलर, स्क्रिप्ट तर स्क्रिप्ट, पण जो टाकेल त्यानेच काढायची. दोन्ही मार्ग मिसळले की जो गुंता होतो तो सोडवायला सगळ्यात जास्त वेळ जातो, त्याबद्दल खाली येतोच.

पहिलं काम म्हणजे डीएलएल खरंच आहे का आणि कुठली आहे ते डोळ्यांनी बघा. गॅक दोन आहेत हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. डॉटनेट ३.५ पर्यंतची सगळी सी:\विंडोज\असेम्ब्ली मध्ये, आणि डॉटनेट ४ पासून (२०१० साली आलं ते) सी:\विंडोज\मायक्रोसॉफ्ट.नेट\असेम्ब्ली मध्ये. जुन्या फोल्डरला एक्सप्लोररमध्ये उघडलं की खरे फोल्डर दिसत नाहीत, एक सपाट यादी दिसते, कारण तिथे वेगळं शेल एक्स्टेन्शन बसवलेलं आहे, म्हणून बघायचं असेल तर सरळ कमांड प्रॉम्प्टवरून डीआयआर मारा. नव्या गॅकमध्ये तसलं काही नाही, साधे फोल्डर दिसतात, आणि तिथेच लोक फसतात, कारण जुन्या गॅकमध्ये डीएलएल ओढून टाकली की ती रीतसर इन्स्टॉल व्हायची, नव्यामध्ये ओढून टाकली तर नुसती फाइल कॉपी होते, इन्स्टॉल होत नाही. तसं कोणी केलं असेल तर ती फाइल आधी उचलून बाहेर काढा.

आत गेल्यावर गॅक_एमएसआयएल (कुठल्याही प्रोसेसरवर चालणाऱ्या म्हणजे एनी सीपीयू डीएलएलसाठी), गॅक_३२, गॅक_६४ असे फोल्डर असतात. समजा डीएलएलचं नाव कॉमनलिब आहे, व्हर्जन २.०.०.०, तर नव्या गॅकमध्ये ती गॅक_एमएसआयएल च्या आत कॉमनलिब, त्याच्या आत "व्ही४.०_२.०.०.०__" आणि त्यापुढे सोळा अक्षरांचं पब्लिक की टोकन (डीएलएलवर कोणाची सही आहे त्याची खूण) अशा नावाच्या फोल्डरात असते. जुन्या गॅकमध्ये सुरुवातीचं "व्ही४.०_" नसतं. हे फोल्डरचं नाव नीट वाचा, ओळख त्यातच आहे. नाव, व्हर्जन, कल्चर (भाषा), टोकन यातलं काहीही एक बदललं की डॉटनेटच्या दृष्टीने ती वेगळी डीएलएल. आणि प्रोसेसरचं पण बघा, आधी कधीतरी ती एक्स८६ (३२-बिट) म्हणून बिल्ड केली होती आणि नंतर एनी सीपीयू केली असेल तर जुनी गॅक_३२ मध्ये तशीच पडून राहते आणि ३२-बिट प्रोसेस आधी तीच उचलते, मग तुम्ही एमएसआयएल मधली कितीही वेळा बदला.

आता समजा डीएलएल तिथे नाहीच. मग टाकताय कशाने ते बघा.

सेटअप जर गॅकयुटिल (गॅकमध्ये डीएलएल टाकायचं-काढायचं कमांड टूल) बोलावत असेल तर तिथेच थांबा. गॅकयुटिल हे व्हिज्युअल स्टुडिओ आणि विंडोज एसडीके (डेव्हलपरचा टूलसंच) बरोबर येतं, फ्रेमवर्कच्या रनटाइमबरोबर येत नाही. म्हणजे डेव्हलपरकडे असतं, क्लायंटकडे नसतं. बॅच फाइल "कमांड सापडली नाही" म्हणून पुढे सरकते आणि सेटअप तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. मग लोक गॅकयुटिलची एक्झी फाइलच सेटअपमध्ये घालून देतात, तसं करू नका, ते डेव्हलपमेंटचं टूल आहे, वाटण्यासाठी नाही, आणि वर व्हर्जनचं भांडण वेगळंच. २.० वालं गॅकयुटिल ४ वर बिल्ड केलेली डीएलएल घेतच नाही, "हे असेम्ब्ली सध्याच्या रनटाइमपेक्षा नवीन रनटाइमवर बनलंय" अशा अर्थाचा मेसेज देतं.

दुसरा प्रकार जास्त चालतो तो म्हणजे कोडमधून. सिस्टम.एंटरप्रायझेसर्व्हिसेस.इंटर्नल मध्ये पब्लिश नावाचा क्लास आहे, त्यात गॅकइन्स्टॉल आणि गॅकरिमूव्ह अशा दोन मेथड. पाथ द्यायचा, काम होतं, पॉवरशेलमधून पण दोन ओळीत होतं, म्हणून सगळे हेच वापरतात. सोय म्हणून चांगलंच आहे पण एक गोष्ट माहिती पाहिजे, इन्स्टॉल झालं नाही तर ती मेथड एक्सेप्शन टाकत नाही. डीएलएल साइन केलेली नाही, हक्क कमी पडले, काहीही असो, ती गप्प परत येते आणि कारण इव्हेंट व्ह्यूअरच्या ॲप्लिकेशन लॉगमध्ये लिहून ठेवते. तुमच्या ट्राय-कॅचला काहीच सापडत नाही आणि सेटअपच्या लॉगमध्ये "डीएलएल गॅकमध्ये टाकली" असं तुमचंच वाक्य छापलेलं असतं. म्हणून सेटअप झाला झाला म्हणत असेल आणि डीएलएल नसेल तर सगळ्यात आधी क्लायंटच्या मशीनवरचा इव्हेंट व्ह्यूअर उघडा, सेटअपची वेळ लक्षात घेऊन तेवढ्याच नोंदी बघा, बहुतेक वेळा उत्तर तिथे असतं.

तिथे सापडणारी कारणं साधारण ठरलेली असतात. ८०१३१०४४ असा कोड दिसला तर डीएलएलला स्ट्राँग नेम (नाव, व्हर्जन, कल्चर, टोकन आणि डिजिटल सही मिळून होणारी ओळख) नाही, त्याशिवाय गॅक दारातच उभं करत नाही. ८०१३१४१ए दिसला तर स्ट्राँग नेमची तपासणी फेल झालीय, आणि हे फार फसवं आहे, कारण डिले साइन केलेली (खरी सही नंतर करू म्हणून ठेवलेली) डीएलएल डेव्हलपरच्या मशीनवर मजेत जाते, तिथे कोणीतरी पूर्वी एसएन (स्ट्राँग नेमचं टूल) कमांडने त्या टोकनची तपासणी बंद करून ठेवलेली असते, क्लायंटकडे तशी सूट नसते. बिल्ड सर्व्हरवर पूर्ण साइन करायची पायरी राहिली का ते बघा. ॲक्सेस डिनाइड दिसलं तर एलिव्हेशनचा (वाढीव हक्कांनी चालवण्याचा) मामला, गॅकमध्ये लिहायला ॲडमिन हक्क लागतात, आणि एमएसआयमधून (विंडोज इन्स्टॉलरच्या सेटअप फाइलमधून) कस्टम ॲक्शन, म्हणजे सेटअपमध्ये घातलेला आपला कोड, चालवत असाल तर ती डिफर्ड (प्रत्यक्ष बदल होतात त्या टप्प्यात चालणारी) हवी आणि इम्पर्सोनेट (युझरच्या नावाने चालणं) बंद हवं, नाहीतर ती युझरच्या कमी हक्कांवर चालते. सेटअप "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर" करून उघडला की चालतो आणि डबल क्लिक केला की चालत नाही, अशी तक्रार आली तर समजून जा की हेच.

आणि पॉवरशेलचं रनटाइम. पॉवरशेल २ हे जुन्या रनटाइमवर चालतं, ३ पासून नव्यावर. विंडोज ७ किंवा सर्व्हर २००८ आर२ वर काहीच अपडेट केलेलं नसेल तर २ च असतं, त्यातून डॉटनेट ४ ची डीएलएल गॅकमध्ये जाणार नाही, आणि वर सांगितलं तसं ती मेथड बोलणारही नाही. नव्या पॉवरशेलमध्ये, म्हणजे ६ आणि त्यापुढच्या, तर हा क्लासच नाही, कारण ते डॉटनेट कोअरवर आहे आणि तिथे गॅक हा प्रकारच काढून टाकलाय. स्क्रिप्ट कुठल्या पॉवरशेलने चालतेय हे स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत लॉग करायची सवय लावा.

म्हणून टाकून झाल्यावर तपासणी कोडमध्येच घाला. पद्धत सोपी आहे, असेम्ब्लीनेम क्लासच्या गेटअसेम्ब्लीनेम ने तुमच्या फाइलचं पूर्ण नाव वाचा, ते नाव देऊन असेम्ब्ली.लोड करा, आणि आलेल्या ऑब्जेक्टची ग्लोबलअसेम्ब्लीकॅशे ही प्रॉपर्टी ट्रू आहे का आणि लोकेशन कुठलं आहे ते बघा. फक्त हे वेगळ्या प्रोसेसमध्ये करा, सेटअपच्याच प्रोसेसमध्ये ती डीएलएल आधीच लोड झालेली असेल तर तुम्हाला तीच मिळेल आणि तपासणीला काही अर्थ राहणार नाही. ट्रू आलं नाही तर सेटअप फेल करा, सरळ फेल. युझरला दोन आठवड्यांनी कळण्यापेक्षा तिथेच कळलेलं शंभर पटीने बरं.

आता ज्यांचा सेटअप एमएसआय आहे त्यांच्यासाठी. खरं तर एमएसआयला हे काम स्वतःला येतं, कस्टम ॲक्शनची गरजच नाही. विक्समध्ये (एमएसआय बनवायचं टूल) फाइल एलिमेंटला असेम्ब्ली ॲट्रिब्यूट ".नेट" आणि कीपाथ "येस" दिलं की विंडोज इन्स्टॉलर ती डीएलएल गॅकमध्ये टाकतो, रोलबॅक झाला तर काढतो, अनइन्स्टॉलला हिशोब ठेवून काढतो. इनो सेटअप (सेटअप बनवायचं दुसरं टूल) वापरत असाल तर त्यातही गॅकइन्स्टॉल फ्लॅग आहे, सोबत स्ट्राँगअसेम्ब्लीनेम द्यायचं, आणि शेअर्डफाइल फ्लॅग जोडला की वापरणाऱ्यांचा काउंट शून्य झाल्यावरच काढतो. जिथे टूलला स्वतःला येतंय तिथे स्वतःचा कोड लिहू नका, मनापासून सांगतोय.

पण एमएसआयच्या या मार्गाला एक अट आहे, गॅकमध्ये डीएलएल प्रत्यक्ष बसते ती इन्स्टॉलफायनलाइज च्या वेळी, व्यवहार पक्का होताना. त्याच्या आधी ती गॅकमध्ये नसते. मग तुमच्या सेटअपमध्ये विंडोज सर्व्हिस असेल, ती याच डीएलएलवर अवलंबून असेल, आणि सेटअपच ती सर्व्हिस सुरू करत असेल, तर एरर १९२०, "सर्व्हिस सुरू झाली नाही, पुरेसे हक्क आहेत का बघा". लोक मग अर्धा दिवस हक्क तपासत बसतात. हक्कांचा काही संबंध नाही, सर्व्हिसला डीएलएलच मिळत नाहीये, कारण सर्व्हिस सुरू करायची पायरी फायनलाइजच्या आधी येते. इलाज दोनच, सर्व्हिस त्या पायरीत सुरू न करता फायनलाइजनंतर सुरू करा, नाहीतर सर्व्हिसच्या फोल्डरमध्येच त्या डीएलएलची स्वतःची प्रत ठेवा. मी दुसरा निवडतो, कारण त्यात क्रमावर अवलंबून काहीच राहत नाही.

अपग्रेडनंतर डीएलएल गायब होणे. हा प्रकार सगळ्यात जास्त डोकं खातो. पहिलं इन्स्टॉल बरोबर, मेजर अपग्रेड (जुनं प्रॉडक्ट काढून नवीन टाकणारा) केला की ॲप बंद, गॅकमध्ये बघितलं तर डीएलएल नाही, रिपेअर केलं की परत हजर. याचं कारण असं की एमएसआय हिशोब ठेवतो कंपोनंटच्या (एकत्र बसवायच्या फाइलींच्या गटाच्या) गाइडवर, म्हणजे त्याच्या खास ओळख क्रमांकावर, आणि गॅक ओळखतं स्ट्राँग नेमवर. नव्या एमएसआयमध्ये डीएलएलचं स्ट्राँग नेम तेच राहिलं पण कंपोनंटचं गाइड बदललं, तर एमएसआयला वाटतं की ह्या दोन वेगळ्या वस्तू आहेत, नवीन टाकायची आणि जुनी काढायची. गॅकमध्ये मात्र दोघांची जागा एकच. टाकणं-काढणं दोन्ही शेवटी होतं, जुनीचं काढणं नवीनवर येऊन पडतं आणि हातात काहीच राहत नाही. लॉगमध्ये सगळं सक्सेस.

तर नियम असा ठेवा, स्ट्राँग नेम तेच तर गाइड तेच, असेम्ब्ली व्हर्जन बदललं तर गाइडही बदला. विक्सचं हीट (कंपोनंट आपोआप लिहून देणारं टूल) दर बिल्डला नवीन गाइड बनवेल अशा सेटिंगवर असेल तर ह्या डीएलएलपुरतं ते बंद करा आणि कंपोनंट हाताने लिहा. जुना एमएसआय आणि नवीन एमएसआय दोन्ही ऑर्का (एमएसआयमधली टेबलं दाखवणारं टूल) मध्ये उघडून कंपोनंट टेबलमधली ती एक ओळ शेजारी शेजारी ठेवून बघितली तरी दोन मिनिटात कळतं की तुमचं हेच झालंय का.

याच्या उलट तक्रार, डीएलएल आहे पण जुनीच. असेम्ब्ली व्हर्जन बरेच जण मुद्दाम २.०.०.० वर गोठवून ठेवतात, म्हणजे वापरणाऱ्या ॲप्सना रिबिल्ड लागू नये, आणि ते ठीकच आहे. पण मग फाइल व्हर्जन तरी दर बिल्डला वाढलं पाहिजे, २.०.१५.० चं २.०.१६.०. ते वाढलं नाही तर इन्स्टॉलरला बदलायचं कारणच दिसत नाही. आणि एमएसआयमध्ये अजून एक बारीक गोष्ट, स्ट्राँग नेम तेच ठेवून जागच्या जागी बदलायची असेल तर एमएसआयअसेम्ब्लीनेम टेबलमध्ये फाइलव्हर्जन ची नोंद लागते, विक्स ३ मधल्या लाइट (एमएसआय जोडून तयार करणारं टूल) ला /एफव्ही स्विच दिला की ती येते. त्याशिवाय फाइल व्हर्जन वाढवूनही उपयोग नाही.

आणि सपोर्टवाले जे नेहमी करतात ते, नवीन डीएलएल ॲपच्या फोल्डरमध्ये टाकून बघणे, त्याने काहीच होत नाही. डॉटनेट आधी गॅकमध्ये बघतं, मग ॲपच्या फोल्डरमध्ये. गॅकमध्ये त्याच ओळखीची डीएलएल सापडली की फोल्डरमधली कोणी विचारत नाही. शिवाय चालू प्रोसेसने आधी लोड केलेली डीएलएल प्रोसेस बंद होईपर्यंत तशीच राहते, म्हणून गॅकमध्ये बदलल्यावर आयआयएसचा (विंडोजच्या वेब सर्व्हरचा) ॲप पूल, सर्व्हिसेस, जे जे वापरत असेल ते रीस्टार्ट करा.

आता तो गुंता, ज्याबद्दल वर म्हटलं होतं. कोणीतरी घाईत स्क्रिप्टने किंवा गॅकयुटिलने नवीन डीएलएल बसवलेली असते, जी मुळात एमएसआयने टाकली होती. नंतर काढायला गेलं की गॅकयुटिल /यू म्हणतं, अनइन्स्टॉल करता येत नाही, एक किंवा जास्त ॲप्लिकेशन्सना हिची गरज आहे, आणि खाली पेंडिंग रेफरन्सेस म्हणून ओळ येते, स्कीम: विंडोज_इन्स्टॉलर, आयडी: एमएसआय. म्हणजे एमएसआयने तिथे आपली खूण ठेवलेली आहे आणि ती खूण तोच काढू शकतो. कोडमधून अनइन्स्टॉल करणाऱ्यांना हेच डिस्पोझिशन (अनइन्स्टॉलचा निकाल सांगणारा आकडा) ५ म्हणून दिसतं, रेफरन्स अजून बाकी आहेत. ६ आलं तर तुम्ही दिलेला रेफरन्स सापडलाच नाही, म्हणजे टाकताना वेगळी ओळख दिली होती. ३ म्हणजे आधीच गेलेली आहे. हे आकडे लॉग करा, बरेच जण फक्त रिटर्न कोड बघतात आणि डिस्पोझिशनकडे बघतच नाहीत.

अशा वेळी पहिला सरळ मार्ग म्हणजे ज्या प्रॉडक्टने टाकली त्याच्याच सेटअपने रिपेअर किंवा अनइन्स्टॉल करणे. प्रॉडक्ट निघून गेलंय पण खूण मागे राहिलीय अशीही केस असते, तेव्हा रजिस्ट्रीत एचकेएलएम खाली सॉफ्टवेअर, क्लासेस, इन्स्टॉलर, असेम्ब्लीज, ग्लोबल या ठिकाणी त्या डीएलएलच्या नावाची व्हॅल्यू सापडते. ती की आधी एक्सपोर्ट करून ठेवा, फक्त तुमच्याच डीएलएलची व्हॅल्यू काढा, शेजारच्यांना हात लावू नका, तिथे दुसऱ्या प्रॉडक्टच्या पण नोंदी असतात. आणि हे हाताने, एका मशीनवर करायचं काम आहे, सेटअपमध्ये कोड म्हणून कधीच घालू नका. दुसऱ्या एखाद्या प्रॉडक्टला खरंच ती डीएलएल लागत असेल तर तुमचा सेटअप त्यांचं सॉफ्टवेअर बंद पाडेल.

इतकं करूनही कळत नसेल तर फ्यूजन लॉग, म्हणजे डॉटनेटने डीएलएल कुठे कुठे शोधली त्याची नोंद. फ्यूजलॉगव्ह्यू हे टूल पण एसडीकेचं आहे, क्लायंटकडे नसेल, पण त्याची गरज नाही, रजिस्ट्रीत एचकेएलएम, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, फ्यूजन खाली फोर्सलॉग १ करा, लॉगपाथ मध्ये आधीपासून असलेला फोल्डर द्या, ॲप बंद करून परत चालवा. लॉगमध्ये वरती ॲपने नेमकं कुठलं नाव-व्हर्जन-टोकन मागितलं ते असतं, आणि खाली कुठे कुठे शोधलं ते. "फाउंड असेम्ब्ली बाय लुकिंग इन द गॅक" असं आलं तर गॅकमधली उचललीय, पुढच्या ओळीत पूर्ण पाथ असतो, तो तुमच्या अपेक्षेशी जुळवा. "कम्पेअरिंग द असेम्ब्ली नेम रिझल्टेड इन द मिसमॅच: मेजर व्हर्जन" आलं तर डीएलएल सापडली पण ओळख जुळली नाही, इन्स्टॉल तुमचं बरोबर आहे, ॲपच्या कॉन्फिगमध्ये बाइंडिंग रिडायरेक्ट (एका व्हर्जनऐवजी दुसरं उचल अशी सूचना) किंवा पब्लिशर पॉलिसी (तीच सूचना डीएलएल बनवणाऱ्याकडून) पाहिजे. काम झालं की फोर्सलॉग परत ० करा, चालू राहिलं तर मशीनवरचं प्रत्येक डॉटनेट ॲप लॉग लिहीत बसतं आणि सगळंच मंदावतं.

एमएसआयच्या बाजूचा लॉग हवा असेल तर एमएसआयएक्झेक ला /एल*व्ही देऊन चालवा आणि "रिटर्न व्हॅल्यू ३" शोधा, त्याच्या थोड्या वरच्या ओळींमध्ये खरं कारण असतं. एरर १९३५ दिसली तर असेम्ब्ली इन्स्टॉल होतानाच अडलंय, त्याच ओळीत एचरिझल्ट (एररचा कोड) दिलेला असतो, तो वरच्या कोडांशी ताडून बघा.

शेवटचं, नवीन प्रॉडक्ट चालू करत असाल तर गॅकमध्ये टाकायचीच का हे आधी विचारा. डिस्कवरची जागा वाचते म्हणून टाकत असाल तर नका टाकू, प्रत्येक ॲपच्या फोल्डरमध्ये आपापली प्रत ठेवा, वरचे सगळेच्या सगळे प्रॉब्लेम येतच नाहीत. खरी गरज तेव्हाच, जेव्हा दुसऱ्याच्या प्रोसेसमध्ये तुमचा कोड लोड होतो आणि त्या होस्टला गॅकशिवाय तो सापडत नाही. आणि डॉटनेट ५ किंवा पुढच्यावर जाणार असाल तर तिथे गॅक नाहीच, त्यामुळे गॅकमध्ये टाकणारा सेटअपचा कोड तसाच्या तसा उचलून नेऊ नका, तो भाग आत्ताच वेगळ्या मॉड्यूलमध्ये काढून ठेवला तर तेव्हा नुसता वगळता येईल.